हातचा एक



वसंत व्याख्यानमालेत गणितावर बोलावयास उभे राहणे म्हणजे ऐन वैशाखात घोंगडी विकावयास बसण्यासारखे आहे. चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'एक मोठी संख्या' असे उत्तर दिले. त्यांना वाटले, मी लोकसंख्येवर बोलणार. तो गैरसमज वेळीच दूर झाला, तरीही त्यांनी मला येऊ दिले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. मी येताना हा फळा, दोन खडू आणि सतरा आकड्यांची एक संख्या एवढेच आणले आहे. ती संख्या प्रथम लिहितो.

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नवापर्यंत चढली, नवापासून एकापर्यंत उतरली. डावीकडून वाचा की उजवीकडून वाचा, तीच. आपल्या रीतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. मात्र हिचा उच्चार करावयाचा तर आपले रोजच्या व्यवहारातले लाख आणि कोटी पुरे पडत नाहीत. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. ती घेतली म्हणजे ही संख्या अशी वाचता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद; आणि तेथून उताराला लागून आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. अठरापैकी सतरा स्थाने भरली. परार्धाचे तेवढे रिकामे राहिले.

ही केवढी मोठी, याचा अंदाज आपल्या मुलखातल्या दोन गोष्टींवरून घेऊ. समजा, कोणी सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मोजू लागला. त्याला सुमारे एकोणचाळीस कोटी वर्षे लागतील. आपण ज्या काळ्या पाषाणावर बसलो आहोत, तो ज्वालामुखीचा रस थिजून झाला, त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. म्हणजे हा बालाघाटाचा खडक जन्मण्यापूर्वीच त्याने मोजणीला सुरुवात करावयास हवी होती, आणि तीही कितीतरी आधी. दुसरी गोष्ट ज्वारीची. हजार दाण्यांचे वजन तीस ग्रॅम धरले, तर इतके दाणे सदतीस कोटी टन भरतील. साऱ्या जगाची वर्षाची ज्वारी साधारण सहा कोटी टन होते. सहा वर्षे कोणी भाकरी खाल्ली नाही, तरच हा हिशेब पुरा होईल.

पण केवळ मोठी म्हणून ही संख्या मी निवडलेली नाही. मोठी संख्या कोणीही लिहू शकतो. एकावर शून्ये देत सुटले की झाले. हिची मौज हिच्या जन्मात आहे. फळ्याकडे पाहा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करीत नऊ एकांना नऊ एकांनी गुणले, की आपली सतरा आकडी संख्या उभी राहते. म्हणजे ती १११११११११ चा वर्ग आहे. असे का व्हावे? यात जादू काही नाही. शाळेत शिकलो तसा उभा गुणाकार मांडा. एकाने गुणले की तीच ओळ, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. अशा नऊ ओळी एकीखाली एक येतात. आता उभ्या रकान्यांची बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक आहे. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी एकमेकींवर येतात, म्हणून नऊ. पुढे डावीकडे ओळी संपू लागतात, म्हणून आठ, सात, सहा. घराच्या पायऱ्या बांधताना गवंडी विटा रचतो, तसेच हे आहे. कोठेही बेरीज नवाच्या पुढे गेली नाही, म्हणून हातचा घ्यावा लागला नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे मी परत येणार आहे.

ही गंमत आपल्याकडे नवी नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या गणितसारसंग्रहात एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी अशी एक संख्या सांगितली आहे, म्हणजे १२३४५६५४३२१. हा सहा एकांचा वर्ग होय. ज्यांचा गुणाकार गळ्यातल्या माळेसारखा दोन्ही बाजूंनी सारखा येतो, अशा जोड्याही त्यांनी दिल्या आहेत. १५२२०७ ला ७३ ने गुणा, आठ एक येतात. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा, दोन टोकांना दोन एक आणि मध्ये आठ शून्ये येतात. घरी जाऊन पडताळून पाहा.

आता हे महावीराचार्य आपल्याला किती जवळचे, पाहा. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे गुलबर्ग्याकडचे मळखेड. १९५६ पर्यंत मळखेड आणि आपला जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. आणि राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे अधिपती म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे विद्वान मानतात. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यातले एक गाव होते. तेव्हा ज्या राजाच्या आश्रयाला हे गणित वाढले, त्याचे मूळ गाव आपल्याच जुन्या जिल्ह्यातले, असे मी थोड्या अभिमानाने म्हणतो. लातूरकर श्रोते आले असतील, त्यांनी राग मानू नये.

दुसरे नाव अधिक अलीकडचे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूचा, शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते. पदवीपुढचे शिक्षण नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. या चढत्या-उतरत्या संख्यांना त्यांनी 'डेमलो' संख्यांत घातले आणि त्यांना अद्भुत असे विशेषण दिले. डेमलो हे जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरील स्थानकाचे नाव. आजची डोंबिवली ती हीच. तेथे त्यांना ही कल्पना सुचली. आगगाडीची वाट पाहताना आपण वेळापत्रकाला शिव्या देतो. या गृहस्थांनी संख्यांचे एक कुळ शोधून त्याला स्थानकाचे नाव दिले!

कापरेकरांचे नाव जगाला ठाऊक झाले ते ६१७४ या संख्येमुळे. चारही आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या, तिचे आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. आलेल्या संख्येवर तेच करीत राहा. सात वेळांच्या आत ६१७४ येऊन थांबता. हा शोध त्यांना १९४६ साली लागला. पण तेव्हाच्या पुष्कळ पंडितांना हे सारे पोरखेळ वाटत होते. त्यांचे लेख लहानसहान नियतकालिकांतून येत, पुस्तिका ते पदरमोड करून छापीत. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, आणि मग आपल्यालाही जाग आली. तोपर्यंत कापरेकर सत्तरीला आले होते. पोरखेळ हा शब्द मला या बाबतीत शिवी वाटत नाही. पोर जितक्या मन लावून खेळते, तितक्या मन लावून आपण मोठी माणसे काय करतो?

त्यांनी सांगितलेल्या संख्यांचा आणखी एक प्रकार पाहू, कारण आपली सतरा आकडी बाई त्यातही बसते. एखाद्या संख्येतील आकड्यांची बेरीज करावी आणि त्या बेरजेने संख्येला निःशेष भाग जावा, अशा संख्येला त्यांनी 'हर्षद' म्हटले, हर्ष देणारी. अठरा घ्या; एक आणि आठ नऊ, अठराला नवाने भाग जातो. ज्या २०२३ साली या शहराला धाराशिव हे नाव सरकारी दप्तरात परत मिळाले, तो सनही हर्षद आहे: दोन, शून्य, दोन, तीन यांची बेरीज सात, आणि सातने भाग दिला की २८९. मात्र यावरून कोणी शकुन काढू नये. १९४८ च्या आकड्यांची बेरीज बावीस, आणि बावीसने १९४८ ला भाग जात नाही. म्हणून त्या साली मराठवाडा मोकळा झाला, त्यात काही उणे येत नाही. हल्ली गाडीच्या नंबरासाठी पैसे मोजणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी हे सांगून ठेवतो.

आता फळ्यावरच्या संख्येतील आकड्यांची बेरीज करा. चढताना एक ते नऊ पंचेचाळीस, उतरताना आठ ते एक छत्तीस. एकूण एक्याऐंशी. आणि एक्याऐंशीने हिला निःशेष भाग जातो. का, तेही पाहू. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून नऊ एकांच्या संख्येला नवाने भाग जातो, भागाकार १२३४५६७९. मग तिच्या वर्गाला नवाच्या वर्गाने, म्हणजे एक्याऐंशीने, भाग गेलाच पाहिजे, आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग असला पाहिजे. तो १५२४१५७८९९७१०४१.

हिचे अवयव पाडले तर तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा, एवढेच सापडतात. तिघेही मूळ. त्यांपासून एकंदर पंचेचाळीस विभाजक तयार होतात. पंचेचाळीस हा विषम आकडा आहे, कारण विभाजक जोडीने राहतात, आणि वर्गसंख्येत एकालाच जोडीदार मिळत नाही, तो वर्गमूळ. नऊ एकांची संख्या येथे एकटी बसलेली आहे.

पण १२३४५६७९ या भागाकारात तुम्हाला काही खटकले का? पुन्हा वाचा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ. आठ कोठे गेला? त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. खरे म्हणजे तिच्यासाठीच मी हा विषय घेतला.

१९८० नंतरच्या दशकातली गोष्ट. मी याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवीला गणित शिकवीत असे. दिवाळीची सुटी दोन दिवसांवर आलेली, धडा संपलेला, म्हणून मी फळ्यावर हा मनोरा काढला. पोरे खूश झाली, टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, धा एक घेतले तर?" त्याचे आईबाप ऊसतोडीला जाणारे, दिवाळी झाली की तोही त्यांच्याबरोबर कारखान्यावर जाणार, हे मला ठाऊक होते. टाळ्यांच्या भरात मी म्हणालो, "पुढे असेच चालायचे," आणि लिहून टाकले:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

दुसऱ्या दिवशी तो वहीचा कागद घेऊन आला. त्याने दहा ओळींचा गुणाकार आखून केला होता. त्याचे उत्तर निराळे होते:

१२३४५६७९००९८७६५४३२१

मी म्हणालो, चुकलास. तो म्हणाला, "गुरुजी, म्या चारदा केलंय, ह्येच येतंय." वर्ग हसला. तेव्हा मी मोठ्या दिमाखात माझ्या उत्तराला नवाचा ताळा लावून दाखवला. दहा एकांची बेरीज दहा, म्हणजे एक. एक एके एक. माझ्या उत्तरातील आकड्यांची बेरीज एक्याण्णव. नऊ आणि एक दहा, म्हणजे एक. ताळा जुळला! मुलाने कागदाची घडी केली आणि तो खाली बसला. त्याच्या उत्तराचा ताळा मी पाहिलाच नाही.

रात्री कंदिलाशी बसून मी तो गुणाकार केला. मधल्या रकान्यात दहा आले. दहाला शून्य, हातचा एक. शेजारी नऊ होते, ते दहा झाले. पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या शेजारी आठ होते, ते नऊ झाले. तेथे हातचा संपला. आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली, आणि मनोरा कोसळला. उत्तर अक्षरशः मुलाचेच. त्याच्या आकड्यांची बेरीज ब्याऐंशी. आठ आणि दोन दहा, म्हणजे एक. त्याचाही ताळा जुळत होता.

म्हणजे बरोबर उत्तर आणि चूक उत्तर, दोघांनाही ताळा पास करीत होता. असे का? मी दहा हा आकडा एका घरात न बसवता दोन घरांत लिहिला होता. नवाच्या ताळ्याला एकाचे घर आणि दहाचे घर सारखेच. त्याला घर कळत नाही, फक्त आकडा कळतो. ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चूक. जुळला म्हणून उत्तर बरोबर, असे मात्र नव्हे. हे मी पोरांना दर वर्षी शिकवीत होतो! आणि माझी चूक ओळखावयाला गुणाकाराचीही गरज नव्हती. दहा एकांची संख्या दोनशे कोटींहून लहान आहे. दोनशे कोटींचा वर्ग चारावर अठरा शून्ये, म्हणजे एकोणीस आकडी. माझे उत्तर वीस आकडी होते. नुसती घरे मोजली असती तरी पुरे होते.

सकाळी शाळेला सुटी लागली होती. ते बिऱ्हाड निघून गेले होते.

चैत्रात गाडे परतले, तेव्हा तो एक दिवस शाळेत आला, परीक्षेला बसता येईल का, हे विचारावयाला. मी वर्गासमोर सांगितले की तुझे उत्तर बरोबर होते, माझे चुकले होते. तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "पण गुरुजी, तुमचा ताळा जुळला व्हता." त्याने तो गुणाकार तेथे फडावर कोणाला तरी दाखवला होता, आणि मी म्हणालो तेच खरे, असे समजून कागद टाकून दिला होता. हजेरी भरत नाही म्हणून त्याला त्या वर्षी परीक्षेला बसू दिले गेले नाही. त्यात मी काही करू शकलो असतो की नाही, याचा हिशेब मी अजून करतो आहे.

आता १२३४५६७९ मधल्या आठाची गोष्ट. एकाला एक्याऐंशीने भागले, तर दशांश चिन्हापुढे शून्य, एक, दोन, तीन असे सगळे आकडे क्रमाने येऊ पाहतात. पण नवानंतर दहा येतात, त्यांचा हातचा नवावर जातो, नऊचे दहा होतात, त्यांचा हातचा आठावर जातो आणि आठाचा नऊ होतो. माझ्या विद्यार्थ्याच्या उत्तरात जो अपघात झाला, तोच येथे. एकच हातचा दोन्ही ठिकाणचा आठ घेऊन गेला. आपल्या हाताला दहा बोटे आहेत म्हणून मनोरा नवावर थांबतो. बारा-बाराच्या गटांनी मोजणारे लोक असते, तर त्यांचा मनोरा अकरा मजले चढला असता.

यंत्रांनाही ही संख्या पेलत नाही, हेही जाता जाता सांगतो. संगणकावर हिशेबाचे कोष्टक उघडून ही सतरा आकडी संख्या लिहा. पुष्कळ कोष्टके पहिले पंधरा आकडे राखतात आणि शेवटचे दोन शून्य करतात. उतारावरच्या दोन पायऱ्या गेल्या! आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

राहिली माझी ती चुकीची वीस आकडी संख्या. निवृत्तीनंतर एकदा पुतण्याने संगणकावर तिचे अवयव काढून पाहिले. हाताने करावयाचे तर साडेतीनशे कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. त्या यंत्राने क्षणात सांगितले की १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कोणीही भागीत नाही. आणि मूळ संख्या कोणाचाच वर्ग असू शकत नाही. मी तिला दहा एकांचा वर्ग म्हणून भर वर्गात मिरवले होते. ती कोणाचाच वर्ग नव्हती. तरीही, खरे सांगतो, संख्या म्हणून ती मला आवडते. चुकून का होईना, एक वीस आकडी मूळ संख्या मी फळ्यावर लिहिली होती.

नुसत्या एकांच्या संख्यांतही काही मूळ आहेत. दोन एकांची, म्हणजे अकरा, ही आपल्या ओळखीची. त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग तीनशे सतरा, मग एक हजार एकतीस. अशा संख्या कोठे तरी संपतात की पुढे चालूच राहतात, हे आजतागायत जगात कोणाला सिद्ध करता आलेले नाही. देवळालीच्या मास्तरांना नाही, आणि मोठमोठ्या विद्यापीठांनाही नाही.

अकरा एकांचा वर्ग मी लिहून देतो: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. बारा एकांचा मुद्दाम लिहीत नाही. समोर शाळेतली मुले बसलेली दिसतात. फळा उद्यापर्यंत येथेच राहणार आहे, आणि दुसरा खडू मी वापरलेला नाही. ज्याचे उत्तर येईल त्याने घरे मोजून पाहावीत, आणि माझे ऐकून ते पुसू नये.